गोळी कोण चालू ठेवतं?

सांगवीतल्या कुठल्याही मेडिकलवर पाच मिनिटं थांबा. 'पॅन फॉर्टीची एक पट्टी द्या' हे वाक्य ऐकू येईलच. पँटोप्रॅझोल कायद्याने चिठ्ठीवरच मिळायला हवं. पण चिठ्ठी कोण मागतं? ॲसिडिटीची गोळी, तिचं काय एवढं!

आमच्या शेजारचे काका चाकणला शिफ्टमध्ये काम करून रिटायर झाले. किडनीचा आजार, तिसरी स्टेज. ही गोळी आठ वर्षांपासून चालू आहे. मी एका रविवारी त्यांची फाइल तारखेप्रमाणे लावून दिली. गोळी सुरू झाली पाठदुखीच्या पेनकिलरसोबत, पोटाला त्रास होऊ नये म्हणून, पंधरा दिवसांसाठी. पुढे क्रिएटिनिन वाढलं आणि पेनकिलर कायमची बंद झाली. ही मात्र राहिली. त्यानंतरच्या बहुतेक कागदांवर तीनच अक्षरं आहेत: सीएसटी. कंटिन्यू सेम ट्रीटमेंट.

जुन्या कोडमध्येही अशा ओळी असतात. का आहे माहीत नाही, पण चालतंय ना, मग हात लावू नको. फरक एवढाच की आमच्याकडे 'गिट ब्लेम' टाकलं की ओळ कुणी लिहिली ते निदान दिसतं.

आता, ही गोळी किडनी बिघडवते का? 2016 मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये एक अभ्यास आला. अमेरिकेतल्या दहा हजारांवर लोकांच्या नोंदी पाहिल्या, तर या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये किडनीचा जुनाट आजार जास्त दिसला. पण आजारी माणूस गोळ्याही जास्तच घेतो, त्यामुळे कशामुळे काय झालं ते नोंदींवरून ठरत नाही. 2019 मध्ये उलट बाजू आली. 17 हजारांवर हृदयरोग्यांपैकी निम्म्यांना पँटोप्रॅझोल, निम्म्यांना नुसतीच दिसायला तशी गोळी, साधारण तीन वर्षं. किडनीच्या बाबतीत ठळक फरक नाही. आतड्यांचे संसर्ग तेवढे थोडे जास्त. त्याच वर्षी आपल्या औषध नियंत्रकांनी या गोळ्यांच्या माहितीपत्रकात किडनीला अचानक इजा होण्याचा धोका छापायला सांगितलं, कारण क्वचित का होईना, किडनीच्या आत सूज येते. मेडिकलवाला कात्रीने पट्टी कापून देतो, त्यात माहितीपत्रक कुठलं?

म्हणजे पुरावा धूसर आहे. धूसर असला की आपण जे चाललंय ते चालू ठेवतो आणि त्याला 'काही न करणं' म्हणतो. मला हे पटत नाही. ज्याच्या किडनीत आधीच फार शिल्लक नाही, त्याला रोज सकाळी उपाशीपोटी एक रसायन देणं ही कृती आहे. पहिल्या दिवशी होती तेवढीच ती आठ वर्षांनीही आहे. पण पहिल्या दिवशी तिला कारण लागलं, नंतर लागलं नाही. पोटाचे डॉक्टर, हृदयाचे डॉक्टर, किडनीचे डॉक्टर. दुसऱ्याच्या गोळीला हात लावू नये हा सभ्यपणा प्रत्येकजण पाळतो. गर्दीच्या ओपीडीत तो समजण्यासारखाही आहे. तरी सीएसटी लिहिणाऱ्याने गोळी नव्यानेच लिहिली, असं मी धरतो.

मग फोनवर दोन लेख वाचून पुतण्याने ती बंद करावी का? तेही नाही. खूप दिवसांची गोळी एकदम थांबवली की ॲसिड उसळून येतं, आणि माणूस गुलाबी बाटलीकडे किंवा इनोकडे वळतो. बाटलीतलं ॲल्युमिनियम आणि मॅग्नेशियम शरीराबाहेर टाकायचं काम किडनीचंच. इनोत सोडियम. म्हणजे आगीतून फुफाट्यात.

काकांच्या फाइलमध्ये पुढे एक गंमत आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना स्टेंट बसला आणि रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या सुरू झाल्या. अशा माणसाच्या पोटात रक्तस्राव होऊ नये म्हणून हीच ॲसिडची गोळी देतात. कारण संपलेली गोळी आपसूक पुन्हा योग्य ठरली. मधली वर्षं मात्र ती कशासाठी होती, हे फाइलमध्ये कुठेच नाही.

'मग बरंच झालं की चालू राहिली ते,' काकू म्हणाल्या. झालं खरं, पण ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

पुढच्या तपासणीला काकांनी स्वतःच विचारलं, 'डॉक्टर, ही कशासाठी?' डॉक्टरांनी फाइल मागे उलगडली. स्टेंटच्या दोन गोळ्यांपैकी एक बंद होईल तेव्हा हिचाही पुन्हा विचार करू, असं म्हणाले आणि तसं कागदावर लिहून दिलं, महिन्यासकट.