समोरची बाजू रिकामी असताना

अशिलाचा दावा कागदावर पक्का आहे, पण तो न्याय्य नाही असं वकिलाला मनातून वाटतं. मग त्याने तो लढावा का? व्यवसायाचं ठरलेलं उत्तर असं की निवाडा न्यायाधीशाने करायचा, वकिलाने नव्हे. दोन्ही बाजू जोमाने मांडल्या गेल्या की सत्य वर येतं. हे उत्तर मला खोटं वाटत नाही. मात्र ते एका अटीवर उभं आहे, आणि ती अट मोडली की काय होतं याचा पुरावा नगरजवळच्या भिंगारच्या आसपासच्या मुलखातच सापडतो.

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात दंगा उसळला आणि तो नगर जिल्ह्यातही पसरला. शेतकऱ्यांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या दप्तरावर होता. खतं आणि रोखे मागून घेऊन ते जाळले गेले. त्याचं कारण कोर्टात होतं. कर्जाचे कितीतरी दावे एकतर्फी निकाली निघत. कूळ हजरच होत नसे, रोख्यावरचा आकडा तेवढा समोर येई, आणि हातात मुळात किती पडले, व्याज मुदलात कितीदा मिळवलं, हे विचारणारं कुणी नसे. ज्या परंपरेत मनुस्मृतीने एका वेळच्या वसुलीला मुदलाच्या दुपटीची मर्यादा घातली, त्याच परंपरेतल्या देवघेवीत हे चाललं होतं. धर्म माहीत होता. तो मांडणारं तोंड नव्हतं.

पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांसाठी 1879 साली झालेल्या शेतकरी कर्जनिवारण कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन व्यवहार पहिल्यापासून तपासायला लावलं. मला त्यातलं आणखी एक कलम फार मोलाचं वाटतं. शेतकऱ्याच्या विरुद्ध वकील उभा असेल आणि शेतकऱ्याची ऐपत नसेल, तर न्यायाधीश त्याच्या संमतीने सरकारी वकील किंवा दुसरा योग्य माणूस त्याच्यातर्फे उभा करू शके. म्हणजे वकिलाचा पक्षपात निर्दोष ठरायचा तर समोरही वकील हवा, हे कायद्यानेच मान्य केलं.

यावर आक्षेप आहे, आणि तो खरा आहे: वकील मनातल्या मनात निकाल देऊ लागला तर बदनाम माणसाला वकीलच मिळणार नाही. म्हणून दावा नाकारा असं मी म्हणत नाही. महाभारतातल्या द्यूतसभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न मुळात हक्काचाच होता: स्वतःला हरलेल्याला दुसऱ्याला पणाला लावता येतं का? विकर्ण कौरवांचाच भाऊ, तरी तो तिच्या बाजूने बोलला. त्याने घर सोडलं नाही, पुढे युद्धातही तो कौरवांकडूनच लढला. बाजू न सोडता खरा हिशेब पुढे ठेवता येतो.

दुसरा आक्षेप असा, की आजच्या व्यापारी दाव्यांत दोन्हीकडे वकील असतात. असतात, पण बळ सारखं नसतं. 2018 पासून तीन लाखांचा वादही व्यापारी न्यायालयात जाऊ शकतो. तिथे भिंगारचा एखादा माल पुरवणारा आणि मोठी कंपनी समोरासमोर येऊ शकतात. एकाला प्रत्येक तारीख परवडते, दुसऱ्याला नाही. या न्यायालयांच्या कायद्यातच पक्षकाराने सत्यकथनाचं प्रतिज्ञापत्र द्यायचं असतं आणि तातडीचा दिलासा नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थीची पायरी चढायची असते. वकिलाने ही पायरी उरकायची औपचारिकता मानू नये. पूर्ण खातेउतारा त्याने तिथेच, समोरच्याने मागण्याआधी, अशिलाकडून मागून घ्यावा.