‘मला पोहता येते’

काही वाक्ये अशी असतात की, ती उच्चारणारा मनुष्य खोटे बोलत नसतो आणि खरेही बोलत नसतो. ‘मला पेटी वाजवता येते’, ‘मला संस्कृत येते’, ‘मला पोहता येते’ ही त्यांपैकीच होत. क्रियापद वर्तमानकाळाचे असते, परंतु सांगितली जाते ती पुष्कळदा तीस वर्षांपूर्वीची हकीकत. ज्याचे बहुतेक आयुष्य मुलांस तर्कशास्त्र शिकवण्यात गेले, त्या माझ्यासारख्याने हा काळाचा घोटाळा फार पूर्वीच ओळखावयास हवा होता. तो ओळखण्याचा प्रसंग गेल्या वर्षी दिवाळीनंतर कौंडण्यपुरास आला.

धामणगावच्या मंडळीस कौंडण्यपूर जवळचे. रुक्मिणीचे माहेर म्हणून त्या स्थानाची ख्याती आहे, आणि खाली वर्धा नदी वाहते. घरातली दहाबारा माणसे दर्शन आटोपून काठावर शिदोरी सोडून बसली होती. पुतणीची नऊ वर्षांची मुलगी पाय धुण्यासाठी पाण्यात उतरली. नदीच्या पात्रात जेथे वाळू उपसलेली असते तेथे गुडघाभर पाण्यालगतच पुरुषभर खोल खड्डा असू शकतो, हे मुलीस काय ठाऊक? ती एकदम दिसेनाशी झाली. मंडळीत पोहता येणारा असा मी एकटाच. निदान तसा लौकिक होता, व तो मीच पसरवलेला होता. मी अंगावरच्या कपड्यांनिशी उडी घेतली. पंधरा हात मारले असतील नसतील, तोच छाती भरून आली, पाय जड होऊन खाली ओढू लागले आणि मुलगी चार हातांवर असताना मला स्वतःचेच डोके वर ठेवणे कठीण झाले. एका नावाड्याच्या पोराने तिला वेणीस धरून बाहेर काढले आणि मग माझ्याकडे बांबू पुढे केला.

मुलगी सुखरूप आहे. परत येताना गाडीत सर्वजण म्हणत होते, “तुम्ही होतात म्हणून बरे झाले!” त्या वाक्याने मला जेवढे ओशाळे केले तेवढे कोणत्याही निंदेने केले नसते. ती माझ्या भरवशावर पाण्यात उतरली होती. मी नसतो, किंवा मला पोहता येत नाही असे सर्वांस ठाऊक असते, तर कोणी तरी तिला काठावरच अडवले असते.

खोटे बोलणे म्हणजे असत्य ठाऊक असून ते सांगणे, अशी व्याख्या आम्ही वर्गात देतो. या व्याख्येप्रमाणे मी निर्दोष ठरतो, कारण मला ते ठाऊक नव्हते. पण ‘ठाऊक नव्हते’ ही सबब येथे कितपत चालावी? जी गोष्ट विहिरीत एकदा उतरून पाहिल्याने कळली असती, ती तीस वर्षे न पाहण्याची जबाबदारी कोणाची? अ‍ॅरिस्टॉटलने ज्ञान असणे आणि ज्ञान वापरात असणे यांत भेद केला आहे. झोपलेल्या मनुष्यापाशी ज्ञान असते, पण ते कामास येत नाही, असे तो म्हणतो. माझा प्रकार याहून वाईट होता. झोपलेल्यास हाक मारली की तो जागा होतो; माझे पोहणे हाक ऐकूनही उठले नाही.

लहानपणी मी काकांच्या मळ्यातील विहिरीत पोहावयास शिकलो. आमच्या आजोबांच्या वेळी पाठीस सुका भोपळा बांधीत. आमच्या वेळी त्याची जागा तेलाच्या रिकाम्या डब्याने घेतली होती. डबा सुटला त्या दिवशी मी थोर झालो असे मला वाटले, आणि त्या थोरपणावर मी पुढील सर्व वर्षे काढली. आम्ही वऱ्हाडी लोक या बाबतीत जरा विशेषच. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची; वैद्य बंधूंनी लावलेल्या त्या रोपट्याची माणसे १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ दाखवून आली. ही गोष्ट सांगताना आमच्या जिल्ह्यातील प्रत्येक सुशिक्षित गृहस्थ ‘आम्ही’ हे सर्वनाम वापरतो, आणि ते वापरणाऱ्यांपैकी कित्येकांस धामणगाव स्थानकाचा जिना चढताना मध्ये एकदा थांबावे लागते. मी थांबत असे.

शरीरशास्त्राचा हिशेब अगदी रोकडा आहे. हातापायांस शिकवलेली हालचाल मेंदू सहसा विसरत नाही. म्हणून तीस वर्षांनी पाण्यात पडलेला मनुष्य लगेच बुडत नाही, चार हात नीट मारतो आणि त्यामुळेच फसतो. दमाची गोष्ट निराळी. तिशीनंतर बैठे जीवन काढणाऱ्याची प्राणवायू वापरण्याची शक्ती दर दहा वर्षांस सुमारे १० टक्के घटते असा सर्वसाधारण अनुभव आहे. म्हणजे कौशल्य शाबूत आणि बळ गेलेले, अशी ही स्थिती. दोन्ही एकदमच गेली असती तर मनुष्य अधिक सुरक्षित राहिला असता.

आता प्रश्न असा की, पन्नाशी उलटल्यावर शरीर पुन्हा कमावण्याच्या मागे लागणे हे कर्तव्य की हौस? आमच्या पिढीच्या पदवीधरांस शरीराविषयी एक सुसंस्कृत तुच्छता वाटत आली आहे. दंड फुगलेला दिसला की आम्ही बुद्धीविषयी शंका घेतो. दुसऱ्या बाजूस, शरीर हे धर्माचे पहिले साधन होय हे कालिदासाचे वचन तालमीच्या भिंतीवर रंगवलेले असते, आणि ते वाचून सामान्यतः असे वाटते की, कवी आळशांस उठवीत आहे. ‘कुमारसंभवा’त प्रसंग उलट आहे. बटूच्या वेषात आलेला शंकर हे बोलतो ते तपाने झिजलेल्या पार्वतीस. आणि विचारतो ते हे की, आपली शक्ती पाहूनच तू तप करीत आहेस ना? जे वचन आम्ही चाबूक म्हणून वापरतो ते मुळात लगाम आहे.

हा लगाम ज्यास मिळाला नाही अशाचे एक उदाहरण कॅप्टन मॅथ्यू वेब याचे. १८७५ साली त्याने सत्तावीस वर्षांचा असताना इंग्लिश खाडी पोहून ओलांडली. पाण्यात तो पावणेबावीस तास होता. पुढे आठ वर्षे तो त्या एका दिवसाच्या कीर्तीवर जगला, प्रकृती ढासळत गेली, आणि १८८३ साली नायगाऱ्याच्या खालच्या भोवऱ्यांतून पोहून जाण्याच्या प्रयत्नात मेला. त्यास ‘मला पोहता येते’ असे म्हणण्याचा अधिकार जगात सर्वांहून अधिक होता. माझ्यासारख्या विहिरीतल्या पोहणाऱ्याने त्याच्याशी नाते जोडणे हास्यास्पद आहे खरे. पण चूक एकाच जातीची होती. दोघांनीही आजच्या पाण्यात कालचा मनुष्य उतरवला.

माघ महिन्यात डॉक्टरांकडून हृदय तपासून घेतले, रक्तदाबाचे औषध सुरू झाले, ‘दम लागताच थांबा’ अशी ताकीद मिळाली, आणि मी एका स्नेह्याच्या मळ्यातील विहिरीवर सकाळी जाऊ लागलो. विहीर सुमारे २० फूट व्यासाची, दगडी बांधणीची. काठावर मळ्यातील म्हातारा गडी दोर घेऊन बसतो. एकट्याने उतरावयाचे नाही ही माझ्या पत्नीची अट होय. पहिल्या दिवशी भिंतीच्या कडेकडेने दोन फेऱ्या झाल्या आणि मी पायरीस धरून पाच मिनिटे नुसता श्वास घेत राहिलो. वरून आवाज आला, “पोयता तं येते जी सर तुमाले, पन दम नाई राह्यला. डबा बांधू का?” त्याच्या बोलण्यात थट्टा मुळीच नव्हती, त्याने खरोखरच डबा शोधण्यास सुरुवात केली होती. मी तो बांधून घेतला नाही. या नकारात शहाणपण किती आणि अहंकार किती याचा निवाडा मला अद्याप करता आलेला नाही.

माझी समजूत अशी होती की, नेम धरला म्हणजे पूर्वीचे पोहणे परत येईल. पत्नी म्हणाली, “अहो, पंचविशीतला माणूस त्या विहिरीत सांडला आहे काय, की रोज उठून तो शोधायला जाता?” तिने विनोदाने म्हटले, पण झाले तसेच. अमरावतीस शारीरिक शिक्षण घेतलेला माझा एक भाचा एके दिवशी काठावर येऊन उभा राहिला आणि त्याने सांगितले की, माझी पोहण्याची रीतच चुकीची आहे. विहिरीत शिकलेली आम्ही सर्व मुले भीतीमुळे डोके पाण्याबाहेर काढून पोहत असू. डोके वर आले की कंबर आणि पाय खाली जातात, पाण्याचा विरोध वाढतो, आणि मग जेवढे बळ पुढे जाण्यास लागते तेवढेच नुसते तरंगण्यात खर्च होते. शिवाय आम्ही श्वास कोंडून धरीत असू. त्याने मला तोंड पाण्यात घालून नाकातोंडाने सावकाश श्वास सोडावयास आणि मान एका कुशीस वळवून तो घ्यावयास शिकवले. हे साध्य होण्यास तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी लहानपणी न प्यालेले पाणी प्यालो. लहान वयात अंगच्या जोरावर जी चूक खपून गेली होती ती आता खपेना. तेव्हा परत मिळावयाचे असे काही नव्हतेच. जे मी गमावले म्हणून हळहळत होतो ते फारसे चांगले पोहणे नव्हते.

राहता राहिला नेमाचा प्रश्न. पतंजलीने अभ्यास दृढ होण्यास तीन गोष्टी सांगितल्या आहेत: दीर्घ काळ, खंड नसणे आणि आदर. यांपैकी मधली अट मला अनेक दिवस सलत होती. ज्याचा खंडच तीस वर्षांचा, त्याने काय करावे? आणि पुढेही महाविद्यालयाच्या परीक्षा आल्या, घरात एक लग्न निघाले, आणि फाल्गुनात अकरा दिवस विहीर घडली नाही. बाराव्या दिवशी जावे असे मुळीच वाटेना. हे न वाटणे आळसाचे नव्हते. मोडलेला नेम पुन्हा धरण्याची लाज वाटत होती, आणि त्या लाजेस मी तत्त्वनिष्ठा असे नाव देत होतो. ज्या नेमात अकरा दिवसांची गैरहजेरी सोसण्याची सोय नाही तो नेम नसून नवस आहे, असे आता माझे मत झाले आहे. शास्त्राच्या जाणकारांस ते पटेल की नाही हे मी सांगू शकत नाही.

सध्या चौदा फेऱ्या होतात. मध्ये दोनदा विसावा घ्यावा लागतो. सर्व मिळून पावणेतीनशे मीटरही भरत नाहीत. पोट फारसे उतरलेले नाही. स्थानकाचा जिना मात्र न थांबता चढतो. पुतणीच्या मुलीस पुढील सुटीत अमरावतीच्या तलावावर रीतसर शिकण्यास पाठवण्याचे ठरले आहे. ती परवा आली होती तेव्हा तिने काठावरून ओरडून विचारले, “आजोबा, तुम्ही मला आता काढू शकाल का?” मी तिला सांगितले की, या विहिरीतून कदाचित काढू शकेन, नदीतून नाही.

वैशाख लागला आहे आणि पाणी रोज बोटभर खाली जात आहे. गडी म्हणतो की, पंधरा दिवसांत शेवटच्या पायरीखाली जाईल, मग उतरता येईल पण चढता येणार नाही. तोवर विहीर, नंतर पाऊस येईपर्यंत दर रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्यास उतरून अमरावती, असा बेत आहे. मधले सहा दिवस कोरडेच जातील.