डावे-उजवे

मराठी भाषेने उजव्या हाताची बाजू किती उघडपणे घेतली आहे, हे मला उतारवयातच जाणवू लागले. सरस ते ‘उजवे’, कमी पडले ते ‘डावे’. मुलीचे लग्न झाले की ती ‘उजवली’, आणि कोणाला ‘डावलले’ म्हणजे काय केले, ते सांगायला नकोच. पंगतीच्या ताटातसुद्धा मीठ, चटणी, कोशिंबीर डावीकडे. त्यांच्यावाचून घास गोड लागत नाही, पण पोट काही त्यांनी भरत नाही. एकट्या अर्जुनाला डाव्या हातानेही धनुष्य ओढता येई म्हणून ‘सव्यसाची’ असे भूषण मिळाले. ते अर्जुनाला मिळाले, हे मात्र विसरू नये.

हा विचार माझ्या डोक्यात घातला तो एका ओंजळीत मावणाऱ्या वस्तूने. संगणकाचा माउस, आणि तोही खेळासाठी केलेला, बिनतारी, दोन्ही हातांना चालणारा.

अमेरिकेत डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस घडवला, तेव्हा तो एक लाकडी ठोकळा होता. खाली दोन चाके, वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत असे साधन जाहीरपणे दाखवले गेले. ठोकळा कोणाच्याच हाताला फारसा सुखावह नसतो, पण तो कोणाला परकाही नसतो. पुढे सुखाची हाव वाढली आणि माउस हाताच्या साच्यात ओतला जाऊ लागला. म्हणजे अर्थातच उजव्या हाताच्या. अंगठ्याकडची बाजू उंच आणि खोलगट, करंगळीकडची उतरती. तळवा त्यावर किंचित कलून विसावतो आणि मनगटाचा पीळ थोडा सुटतो. मोठी सोय आहे ती. डाव्या हाताला मात्र तोच माउस डाव्या पायात उजवी वहाण घातल्यासारखा होतो.

सममित माउस हे सुख नाकारतो. त्याचा उंचवटा मधोमध, कडा दोन्हीकडून सारख्या आत घेतलेल्या. तळवा त्यावर जरा अधिक पालथा पडतो. पण बोटे कुठे ठेवावीत याची सक्तीही तो करीत नाही. कोणी सबंध तळवा टेकतो, कोणी पंजासारखी बोटे वाकवतो, कोणी नुसत्या बोटांच्या टोकांनी त्याला नाचवतो. म्हणूनच चांगले उजव्या हाताचे खेळाडूही तो आवडीने घेतात. तार गेली, त्याचे कारणही हेच: ती ओढली जाऊन नेम चुकू नये. त्याबरोबर यंत्राच्या उजव्या अंगाला खोचलेली आखूड तार डावीकडे आणताना होणारे सव्यापसव्यही संपले.

इथे मला खरा पेच दिसतो. डावखुऱ्यांचे हे भले कोणी त्यांच्यासाठी केले नव्हते. ते होऊन गेले. वाचक म्हणतील, भले झाले ना, मग हेतू कशाला विचारायचा? मलाही काही दिवस तसेच वाटत होते.

आमची ताई डावखुरी. लहानपणी तिला शाळेत उजव्या हाताने लिहायला लावले, छडीच्या धाकाने. अक्षर सुरेख आले, पण आजही ती भाजी चिरते ती डाव्या हाताने आणि पाहुणे आले की सुरी उजव्या हातात घेते. तिची नातही डावखुरी. तिला कोणी बोलत नाही. काळ बदलला आहे. गेल्या दिवाळीत फराळाच्या ताटाशेजारी ती दोन माउस घेऊन बसली होती. मी म्हटले, “दोन्ही दिसायला सारखेच आहेत की गं.”

“आजोबा, कडेची बटणे बघा ना. या जुन्याला दोन्ही अंगांना आहेत. नव्याला फक्त डाव्या अंगाला, म्हणजे उजव्या अंगठ्यासाठी. आकार माझा आहे, बटणे तुमची!”

ताई शेजारीच चकली मोडत होती. ती नुसती हसली.

मुलीचे म्हणणे सर्वांना पडताळून पाहता येईल. रेझर कंपनीचा २०१९ चा ‘व्हायपर अल्टिमेट’ ७४ ग्रॅमचा होता आणि त्याच्या दोन्ही कडांना बटणे होती. २०२२ चा ‘व्हायपर व्ही२ प्रो’ ५८ ग्रॅमवर आला. उजव्या कडेची बटणे गेली. उतरलेले सगळेच वजन त्या बटणांचे नव्हते, हे उघड आहे. कोणी दुष्टावाही केला नाही. वेगाच्या खेळात ग्रॅमग्रॅम मोजतात, आणि डावखुरी माणसे दहांत जेमतेम एक. पण भार कमी करायची वेळ येते तेव्हा आधी काय उतरवले जाते, ते इथे दिसते. अनायासे मिळालेले भले अनायासेच जाते. ज्याला ते दिल्याची आठवणच नाही, त्याच्याकडे ते परत कसे मागावे? ताईवर सक्ती करणाराला निदान जाब तरी विचारता आला असता.

याला उपाय नव्हता असेही नाही. लॉजिटेकच्या २०१८ च्या ‘जी प्रो वायरलेस’मध्ये कडेची बटणे काढता-लावता येत. ज्याला ज्या बाजूला हवीत त्याने तिथे बसवावीत, दुसरी बाजू झाकून टाकावी. आकार समाईक, बटणे ज्याची त्याची. मला ही व्यवस्था दोन स्वतंत्र माउस करण्याहून अधिक सभ्य वाटते, कारण तिच्यात डावखुऱ्याला वेगळ्या दुकानात जावे लागत नाही. त्याचे वजन ८० ग्रॅम. त्याच मालिकेतला २०२० चा माउस ६३ ग्रॅमहूनही हलका निघाला, आणि त्याची कडेची बटणे पुन्हा एकाच बाजूला, कायमची.

ताईच्या नातीने जुनाच ठेवला आहे. त्याची बॅटरी आता फार वेळ टिकत नाही, म्हणून खेळताना ती त्याला तार लावून बसते.