‘घातपाती’ : एका शब्दाचा निवाडा

‘अपघात की घातपात?’ हा मथळा मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला इतका परिचित आहे की त्यातील भाषिक व्यवहार त्याला जाणवेनासा झाला आहे. विहिरीत सापडलेले प्रेत असो वा रुळांवरून घसरलेली आगगाडी, एकच शब्द दोहोंना पुरतो. ‘सॅबोटाज’ला रूढ मराठी पर्याय म्हणून ‘घातपात’ स्थिरावला आणि ते करणारा ‘घातपाती’ ठरला. या पर्यायात काय हरवले, हा प्रश्न भाषांतराच्या सोयी-गैरसोयीपुरता मर्यादित नाही.

मूळ फ्रेंच शब्द ‘साबो’वरून, म्हणजे लाकडी जोड्यावरून आलेला. कामगारांनी हे जोडे यंत्रांत फेकले ही कथा लोकप्रिय असली तरी तिला भक्कम आधार नाही. जोडे खडखडवीत चालणे, आणि त्यावरून काम ओबडधोबड उरकणे, असा त्या क्रियापदाचा अर्थ. १८९७ मध्ये तुलूझच्या कामगार-परिषदेत एमिल पूझे यांच्या पुढाकाराने सॅबोटाजला लढ्याचे साधन म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा अभिप्रेत होते ते मुख्यतः हेच : कमी मजुरीला कमी प्रतीचे काम. शब्दाच्या मुळाशी प्रेत नाही. मुद्दाम बिघडवलेले काम आहे. मराठीतील ‘घात’ मात्र जिवाशी आणि विश्वासाशी जडलेला आहे. ‘त्याने माझा घात केला’ असे म्हणणारा, पूर्वी विश्वास होता, हे गृहीत धरतो.

आता २० एप्रिल १९६४ रोजी रिव्होनिया खटल्यात नेल्सन मंडेला यांनी केलेले निवेदन मराठीत आणून पाहावे. सॅबोटाजची योजना आपण आखली, हे त्यांनी नाकारले नाही. हिंसेचे चार प्रकार त्यांनी वेगळे केले आणि त्यांतून सॅबोटाजची निवड केली. कारण त्यात मनुष्यहानी अनुस्यूत नव्हती. ‘मी घातपाताची योजना आखली’ या मराठी वाक्यात हा बचाव उच्चारताक्षणीच कोसळतो. शिवाय विश्वासाचा प्रश्न उरतोच. ज्या संसदेत आपल्याला प्रतिनिधित्व नाही तिचे कायदे पाळण्यास आपण नैतिकदृष्ट्या बांधील नाही, असे मंडेलांनी १९६२ च्या खटल्यातच मांडले होते. मग घात कोणाचा?

आपल्याकडेही हा पेच येऊन गेला आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये किशोरलाल मश्रूवालांनी ‘हरिजन’मधून, जीवितास धोका न पोचवता तारा तोडणे वा रूळ उखडणे अहिंसेत बसू शकते, असे मत दिले. गांधीजींनी १९४४ मध्ये सुटकेनंतर मालमत्तेचा विध्वंस हीही हिंसाच मानली. म्हणजे मराठी शब्द गांधीजींच्या बाजूचा म्हणायचा! पण गांधीजी त्या निष्कर्षाप्रत विचारान्ती आले. शब्द तो विचाराविनाच देऊन टाकतो. बेचाळीसच्या कार्यकर्त्यांना आपण ‘भूमिगत’ म्हणतो, ‘घातपाती’ म्हणत नाही, यातही युक्तिवाद टाळण्याचीच सोय आहे. त्यांनी केले काय, हे ‘भूमिगत’ सांगत नाही. आणि ‘घातपाती’ हे प्रथमपुरुषी वाक्यात बसणारे नामच नव्हे. ते नेहमी दुसऱ्याने लावलेले असते.

वस्तू आणि व्यक्ती यांतील ही रेषा आचरणात टिकत नाही, असा आक्षेप येईल, आणि तो खोटा नाही. मंडेलांच्याच संघटनेने १९८३ मध्ये प्रिटोरियाच्या चर्च स्ट्रीटवर घडवलेल्या स्फोटात माणसे मेली. परंतु रेषा ओलांडली गेली असे म्हणण्यासाठीदेखील ती भाषेत असावी लागते. १९६१ ची आणि १९८३ ची कृती या दोहोंना ‘घातपात’ म्हटले की मंडेलांच्या सहकाऱ्यांवर ठेवता येण्याजोगा सर्वांत गंभीर नैतिक आरोपच आपण गमावतो.

‘तोडफोड’ हा पर्याय सुचतो. पण तोडफोड जमावही करतो, तिला योजना लागत नाही. ‘विध्वंसक’ अवास्तव भव्य. त्या निवेदनापुरता तरी प्रस्तुत लेखक ‘सॅबोटाज’ हाच शब्द ठेवील. कर्त्यासाठी मात्र, ज्याने तो केला त्याला स्वतःविषयी वापरता येईल, असे मराठी नाम त्याला अद्याप सापडलेले नाही.