नाव ठेवणे आणि नावे ठेवणे

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही मुलांना एका किड्याची गोष्ट सांगितली. तुरीच्या डाळीएवढा, लाल, पाठीवर काळे ठिपके असलेला हा भुंगेरा. आपले शेतकरी त्याला ढालकिडा म्हणतात. पिकावरचा मावा तो खाऊन टाकतो, म्हणून युरोपातील ख्रिस्ती शेतकऱ्यांनी त्याचा संबंध पवित्र मरियेशी जोडला. इंग्रजीतील ‘लेडीबर्ड’ या नावातली ‘लेडी’ म्हणजे मरियामाताच. जर्मन भाषेत तर त्याला सरळ ‘मारियनकेफर’, म्हणजे मरियेचा भुंगेरा, असे म्हणतात. त्याच्या लाल रंगात भाविकांना मरियेचा झगा दिसला आणि पाठीवरच्या सात ठिपक्यांत तिची सात दुःखे दिसली.

पुढच्या रविवारी वर्गातला एक मुलगा काडेपेटीत तसलाच किडा घेऊन आला. मागोमाग त्याची आई आली. तिच्या हातात वांग्याचे एक पान होते, खाऊन खाऊन जाळी झालेले. ती म्हणाली, “फादर, तुमच्या मरियामातेच्या किड्यांनी आमची अर्धी वाडी खाल्ली. पोरगा औषध मारू देत नाही. आता तुम्हीच सांगा काय ते.”

आम्ही चष्मा पुसून काडेपेटीत पाहिले. ठिपके सात नव्हते. मोजले तर अठ्ठावीस भरले. रंगही लाल नव्हता, मळकट तांबूस होता. हा त्याच कुळातला, पण निराळ्या जातीचा भुंगेरा. त्याचे शास्त्रीय नावच मुळी अठ्ठावीस ठिपक्यांचा असे आहे आणि ते फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १७७५ साली दिले. त्याचे कुळबंधू मावा खातात. हा वांग्याची आणि बटाट्याची पाने खातो. अंड्यांचे पुंजके असलेली पाने खुडून नष्ट करा, असे आम्ही त्या माउलीला सांगितले आणि मुलाची समजूत घातली. परंतु त्या काडेपेटीने आमच्या मनात एक प्रश्न सोडला. एकाच कुळाच्या, दिसायला सारख्या जिवांपैकी कोण कोणत्या जातीचा, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

बायबलच्या आरंभीच नाव ठेवण्याचा प्रसंग आहे. परमेश्वराने पशुपक्षी घडवले आणि आदाम त्यांना काय नाव देतो हे पाहण्यासाठी ते त्याच्यापुढे आणले. म्हणजे नाव ठेवणे हे मानवाला सोपवलेले पहिल्या कामांपैकी एक, आणि तेही पापाचा प्रवेश होण्यापूर्वीचे. आपल्या मराठीत मात्र या क्रियापदाचे एक अनेकवचन आहे आणि ते पतनानंतरचे आहे. एक नाव ठेवणे म्हणजे बारसे. अनेक नावे ठेवणे म्हणजे निंदा. पहिल्यातून दुसऱ्यात आपण केव्हा उतरतो, हे आपल्याच ध्यानात येत नाही.

सेमिनरीत आम्ही तर्कशास्त्र शिकलो तेव्हा फळ्यावर पॉर्फिरीचा वृक्ष काढला जाई: वरच्या फांदीवर व्यापक वर्ग, खाली त्याचे भेद, त्याखाली आणखी भेद. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने याच जुन्या तर्कशास्त्रातील संज्ञा घेऊन साऱ्या सजीवसृष्टीची मांडणी केली. त्याच्या ‘सिस्टेमा नातुरी’ या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली निघाली आणि प्राण्यांची शास्त्रीय नावे त्या वर्षापासूनच ग्राह्य धरली जातात. सात ठिपक्यांच्या आपल्या भुंगेऱ्याचे नाव, ‘कॉक्सिनेला सेप्टेमपंक्टाटा’, त्याच ग्रंथातले. लिनियसने या कुळातील पुष्कळ जातींची नावे अशीच ठिपके मोजून ठेवली: दोन ठिपक्यांची, पाच ठिपक्यांची, बावीस ठिपक्यांची.

पुढे असे दिसून आले की ठिपके फसवतात. युरोपातील दोन ठिपक्यांची जात लाल असते आणि तिला दोन काळे ठिपके असतात. परंतु तिच्यातच काही किडे काळे निघतात आणि त्यांच्यावर चार किंवा सहा लाल ठिपके असतात. या काळ्या रूपांना पूर्वी स्वतंत्र नावे मिळाली होती. पण लाल आणि काळे यांची जोडी जमते, त्यांची संतती वाढते आणि पुढे तीही संतती देते, तेव्हा जात एकच ठरते. आशियातील हार्मोनिया ॲक्सिरिडिस या एकाच जातीची शंभराहून अधिक रंगरूपे नोंदली गेली आहेत. उलट, काही भुंगेरे बाहेरून हुबेहूब सारखे दिसतात आणि त्यांच्या शरीरातील प्रजनन-अवयवांची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच जाती निरनिराळ्या असल्याचे कळते.

म्हणून आज नव्या जातीचे वर्णन करणारा अभ्यासक ठिपक्यांवर थांबत नाही. या कुळात सुमारे सहा हजार जातींची नोंद झालेली आहे. हातातला किडा त्यांपैकी कोणता नाही ना, हे पाहण्यासाठी तो दोन-अडीचशे वर्षांचे लिखाण चाळतो आणि संग्रहालयांत जपलेले जुने नमुने तपासतो. एकच नव्हे, मिळतील तितके किडे तो पाहतो, कारण रंग किती बदलतो आणि काय बदलत नाही हे एकावरून सांगता येत नाही. मग तो शृंगिका, पाय, जबडे आणि आतील अवयव यांचे वर्णन लिहितो, चित्रे काढतो आणि सर्वांत जवळच्या जातीपासून ही वेगळी का, याची कारणे देतो. शेवटी एक नमुना नावाचा आधार म्हणून निवडून तो संग्रहालयात ठेवतो, म्हणजे शंभर वर्षांनंतरही कोणी शंका घेतली तर पुरावा समोर असेल. हा नमुना त्या जातीतील सर्वोत्तम किडा असतो असे नाही. तो आदर्श नसतो. तो फक्त नाव वाहतो.

इतके करूनही चूक होते. एकाच जातीला दोघांनी दोन नावे दिल्याचे पुढे उघडकीला येते. मग आधीचे नाव टिकते आणि नंतरचे रद्द होते. ही दुरुस्ती कानात सांगून होत नाही. जशी चूक छापली तशी दुरुस्तीही छापली जाते आणि रद्द झालेले नावसुद्धा यादीत राहते, म्हणजे चूक कोणाची आणि कधीची हे कायमचे दिसते. २००२ साली जे. पूरणी यांनी भारतीय उपखंडातील या कुळाची सटीप यादी प्रसिद्ध केली आणि पाने खाणारा उपगट तिच्यात घेतलेला नाही, हे शीर्षकातच सांगून टाकले. आपल्या ज्ञानाची कड कोठे संपते हे मथळ्यातच लिहिण्याचा हा प्रामाणिकपणा आम्हांला आमच्या प्रवचनांत क्वचितच साधला आहे.

कोणी म्हणेल, किड्यांच्या नावांसाठी एवढा खटाटोप कशाला? येथे एका धर्मगुरूंचे स्मरण होते. फादर झेव्हिअर मोंत्रूझिए हे मारिस्ट संघाचे फ्रेंच मिशनरी. १८९७ साली मृत्यू येईपर्यंत त्यांचे आयुष्य पॅसिफिक महासागरातील बेटांवर, मुख्यतः न्यू कॅलिडोनियात, गेले आणि सुवार्ताकार्याबरोबरच त्यांनी तेथील वनस्पती, शिंपले आणि कीटक गोळा केले. फ्रान्समधील ल्यों शहरात एत्येन म्युल्सां नावाचे अभ्यासक होते. त्यांनी १८५३ साली एका लहानशा काळपट भुंगेऱ्याचे वर्णन केले आणि त्याला या मिशनऱ्याचे नाव दिले: क्रिप्टोलिमस मॉन्ट्रोझायरी. त्या वेळी त्या किड्याचा माणसाला काही उपयोग आहे असे कोणाच्या मनातही नव्हते. १८९१-९२ च्या सुमारास तो ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात गेला आणि १८९८ साली भारतात आला. येथे कॉफीवरील खवले किडीसाठी त्याला आणले होते. ते काम त्याच्याकडून झाले नाही, पण पिठ्या ढेकणावर तो जगला. आज आपल्या महाराष्ट्रातील द्राक्षबागांत पिठ्या ढेकणाविरुद्ध तोच सोडला जातो. आधी कोणीतरी निरपेक्षपणे पाहिले आणि ओळख लिहून ठेवली, म्हणून पुढे उपयोग सापडला.

या भुंगेऱ्याची आणखी एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. त्याच्या अळीच्या अंगावर पांढऱ्या मेणाचे तंतू असतात आणि ती हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. ज्याला ओळख नाही असा बागाईतदार तिला शत्रू समजतो आणि औषध मारून आपल्याच रक्षकाला मारतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. ज्या ग्रंथात लिनियसने सात ठिपक्यांच्या भुंगेऱ्याला नाव दिले, त्याच ग्रंथात त्याने मानवालाही ‘होमो सेपियन्स’ हे नाव दिले. तेथवर ठीक होते. परंतु पुढे त्याने मानवाचे खंड आणि कातडीचा रंग यांवरून चार भाग पाडले आणि प्रत्येक भागाला स्वभाव चिकटवले: हा चिडखोर, तो आळशी, तो लोभी, आणि युरोपियन तेवढा कल्पक. ज्याने जगाला नाव ठेवायला शिकवले, तो माणसापाशी येताच नावे ठेवू लागला. तेथे त्याने फक्त ठिपके मोजले.

त्याला हसण्याचा अधिकार आम्हांला नाही. प्राणिशास्त्रातही ‘जात’ हा शब्द आहे आणि आपल्या ओटीवरही आहे. विवाहाची बोलणी निघाली की ख्रिस्ती घरांतसुद्धा अजून विचारले जाते: मुलगी कुपारी की वाडवळ, कोळी की आणखी कोणी? बाप्तिस्म्याचे पाणी एकच, वेदी एक, भाकर एक, आणि तरी हा प्रश्न. शास्त्रज्ञाची कसोटी लावून पाहा. ज्यांचा परस्परांशी संबंध जुळतो आणि ज्यांची संतती पुढे संतती देते, ते एका जातीचे. त्या कसोटीने पृथ्वीवरचा सारा मनुष्यसमाज एकाच जातीचा ठरतो. बाकी सारे ठिपके. श्रद्धा जे सांगते तेच येथे सूक्ष्मदर्शकही सांगतो.

मग कोणाला काहीच म्हणू नये काय? तसेही नव्हे. वांग्याचे पान हातात घेऊन आलेल्या माउलीला “सारे किडे देवाचेच” एवढे सांगून भागले नसते. चांगले काय आणि वाईट काय, हे ओळखावेच लागते. विवेकाविना प्रेम आंधळे असते. संत थॉमस अक्वायनस यांनी एका प्रवचनात म्हटले आहे की आजवर कोणाही तत्त्वज्ञाला एका माशीचेही स्वरूप पूर्णपणे उलगडता आलेले नाही. ज्याने आयुष्यभर वर्गीकरण केले त्या विद्वानाची ही कबुली आहे. नाव ठेवावे, पण पुष्कळ पाहून ठेवावे, कारणे देऊन ठेवावे आणि बदलण्याच्या तयारीने ठेवावे.

हे लिहिण्याचा अधिकार आम्हांला आहे काय, हे वाचकांनीच ठरवावे. काही वर्षांपूर्वी एका धर्मग्रामात असताना एक तरुण दर रविवारी पहिल्या मिस्साला येई आणि कम्युनियन घेताच, अंतिम आशीर्वादाची वाट न पाहता, निघून जाई. आम्ही चार-सहा रविवार पाहिले आणि एके दिवशी प्रवचनात ‘घाईचे ख्रिस्ती’ असा शब्द वापरला. नाव घेतले नाही, पण मंदिरातल्या माना त्याच्या बाकाकडे वळल्या. पुढे कळले की त्याच्या शेजारी एक अर्धांगवायूने खिळलेले गृहस्थ होते. हा धावत जाऊन त्यांच्या उशाशी बसे, म्हणून त्यांच्या पत्नीला दुसऱ्या मिस्साला येता येई. हे त्याने स्वतः कधीच सांगितले नाही. त्या बाईंनी सांगितले.

आम्ही त्याला सॅक्रिस्टीत बोलावून क्षमा मागितली. तो म्हणाला, “असू द्या, फादर.” आम्हांला हलके वाटले आणि आम्ही विषय संपवला. परंतु भुंगेऱ्यांच्या अभ्यासकांचा नियम कळल्यापासून ते हलके वाटणे गेले आहे. चूक आम्ही वेदीजवळून, सर्वांसमक्ष प्रसिद्ध केली होती. दुरुस्ती मात्र बंद दाराआड केली. त्यानंतर आमची बदली झाली आणि तेथल्या कित्येकांच्या मनात त्या तरुणाचे आम्ही दिलेले नाव तसेच राहिले असेल.

हे त्रैमासिक त्या धर्मग्रामातही जाते. म्हणून त्याचे नाव न घेता येथे नोंदवतो: ते वर्णन चुकीचे होते, ते आम्ही केले होते आणि ते रद्द समजावे. त्याला दुसरे कोणते नाव द्यावे हे आम्ही ठरवणार नाही. मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने हाक मारतो, असे प्रभू येशूने सांगितले आहे. त्याचे खरे नाव त्या मेंढपाळाला ठाऊक आहे.