जास्तीचा विमा

चारशे रुपये ही काही मनुष्याच्या नीतिमत्तेची कसोटी पाहण्याजोगी रक्कम नव्हे. तरीपण गेल्या पावसाळ्यात तिने माझी कसोटी पाहिली, आणि मी तिला उतरलो नाही. ती हकीकत सांगावी, आणि तिच्या अनुषंगाने सुचलेले चार विचारही मांडावेत, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझी थोरली बहीण अंबरनाथला राहते. स्टेशनचा जिना आता तिला चढवत नाही. तिला दोन दिवसांसाठी बदलापूरला माझ्या घरी आणावे, वाटेत शिवमंदिराचे दर्शन घडवावे, असे मी ठरविले आणि विठ्ठलवाडीला उतरून उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात स्वतः चालवायची मोटार भाड्याने घ्यायला गेलो. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असलेली, स्वच्छ धुतलेली गाडी दारात उभी होती. मालक तरुण होता. त्याचे आजोबा फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडले होते. १९४९ साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. ज्यांचे घरदार गेले आणि ज्याची भरपाई कुठल्याच विम्याने होण्यासारखी नव्हती, अशांच्या नातवाने मला विचारले, "काका, जास्तीचं संरक्षण घ्यायचं का? चारशे रुपये फक्त."

मी अटींचा कागद वाचला. गाडीला इजा झाली तर दहा हजारांपर्यंतचा खर्च माझा. चारशे भरले तर तो एक हजारावर थांबणार. मात्र मद्य पिऊन चालविल्यास किंवा साचलेल्या पाण्यात बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करून बिघडविल्यास हे संरक्षण नाही. ही शेवटची अट बदलापूरकराला समजावून सांगावी लागत नाही. २६ जुलै २००५ चा पूर आम्ही पाहिला आहे. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकून उभी राहिली, तेही पाहिले आहे.

पण मी हिशेबखात्यात चौतीस वर्षे काढलेला माणूस. मनात आकडेमोड सुरू झाली. पंचवीस वेळा गाडी घेतली आणि त्यांत एकदा पुरते दहा हजार गेले, तर चारशेचे दहा हजार होऊन विमा बरोबरीतही येणार नाही. मी तर दहा वर्षांत कोणाला साधा धक्का दिलेला नाही. "नको," मी म्हणालो, आणि चारशे रुपये वाचविल्याचा छोटासा आनंद खिशात घालून निघालो.

या हिशेबाला मोठी परंपरा आहे. इ. स. १७३८ मध्ये डॅनियल बर्नूली या गणितज्ञाने सेंट पीटर्सबर्गच्या एका व्यापाऱ्याचे उदाहरण घेतले होते. त्याचा दहा हजार रुबलांचा माल ॲम्स्टरडॅमहून समुद्रमार्गे यायचा आहे. शंभरांतली पाच जहाजे बुडतात. विम्याला आठशे रुबल पडतात. सरासरीने नुकसान पाचशेचे, मग आठशे का द्यावेत? बर्नूलीचे उत्तर असे की, ते व्यापाऱ्याच्या गाठीला काय आहे त्यावर अवलंबून आहे. बाकीची मालमत्ता ५,०४३ रुबलांहून कमी असेल तर विमा उतरवावा. जास्त असेल तर उतरवू नये. तोच रुबल गरिबाला जड आणि श्रीमंताला हलका, हे त्या गणिताचे मर्म. त्या न्यायाने माझा निर्णय बरोबर होता. दहा हजार गेले असते तर मी हळहळलो असतो, पण बुडालो नसतो.

मंदिराकडे जाणाऱ्या गल्लीत एक मक्याच्या कणसांची हातगाडी आडवी आली. ढकलणारा पोरगा सोळा-सतरा वर्षांचा असेल. मी जागा नसताना मोटार पुढे घातली, त्याने वळविताना घाई केली, आणि हातगाडीचा लोखंडी कोपरा दारावर हातभर लांब ओरखडा काढून गेला. चूक अर्धी त्याची, अर्धी माझी. आज मला हे स्पष्ट दिसते. त्या क्षणी त्याचाच अर्धा भाग दिसला. डोळ्यांपुढे ते दहा हजार उभे होते. मी खाली उतरलो, आवाज चढविला, पोलिसांचे नाव घेतले. पोराने कणसांखालच्या डब्यातून मोजून तीनशे रुपये काढून दिले. ते ओले होते. मी ते घेतले.

शके ९८२ पासून, म्हणजे १०६० सालापासून उभ्या असलेल्या त्या शिलाहारकालीन मंदिरात बहिणीने हात जोडले. मी नुसताच उभा राहिलो. परतताना ती म्हणाली, "चारशे रुपये तू वाचवलेस, आणि तीनशे त्याच्याकडून घेतलेस." त्यापुढे ती काही बोलली नाही.

तेव्हापासून मला वाटू लागले की, बर्नूलीच्या हिशेबात एक रकाना राहून गेला आहे. नुकसान मला सोसेल की नाही, हे त्यात आहे. पण नुकसान समोर उभे राहताच ते मी कोणाच्या माथी मारू पाहीन, हे त्यात नाही. भीती मनुष्याला नुसते घाबरवीत नाही. ती त्याला अन्यायी करते. कायद्याने हे थोडेसे ओळखले आहे. रस्त्यावरच्या तिऱ्हाईताला इजा झाली तर त्याच्या भरपाईसाठी मोटारीचा विमा आपल्याकडे १९४६ पासून सक्तीचा आहे, आणि १९८८ च्या कायद्यानेही ती सक्ती ठेवली आहे. स्वतःच्या गाडीवरच्या ओरखड्याचे काय करायचे, हे मात्र कायद्याने आपल्यावर सोपविले. पण तो ओरखडाही कधीकधी तिऱ्हाईतालाच भोवतो.

यावर कोणी म्हणेल, विमा घेतलेला माणूस बेफिकीर होतो. होतो खरा. दुसरा म्हणेल, कंपनीच्या पैशाने केलेली क्षमा ही कसली क्षमा? हा आक्षेप मला अधिक झोंबतो. खरा उदार मनुष्य विमा न घेताही त्या पोराला "जा बाबा" म्हणाला असता, आणि नुकसान स्वतः सोसले असते. असा मनुष्य चारशे रुपये खुशाल वाचवो; त्याचा विमा त्याच्या स्वभावातच उतरविलेला आहे. पण मी तसा नाही, हे मला त्या गल्लीत कळले. स्वतःचा दुबळेपणा ठाऊक असणाऱ्याने त्याची तजवीज आधी करून ठेवणे, यात थोरवी नसली तरी प्रामाणिकपणा आहे.

गाडी परत देताना मालकाने ओरखड्यावरून अंगठा फिरविला आणि ठरल्याप्रमाणे अनामतीतून अडीच हजार वळते करून घेतले. मला ते देताना काहीच जड गेले नाही! म्हणजे ज्याच्या भीतीने मी ओरडलो, ते ओझे मुळात माझ्या आवाक्यातलेच होते.

त्यानंतर दोनदा मी त्या गल्लीत जाऊन आलो. हातगाडी दिसली नाही. तीनशे रुपये अजून माझ्या टेबलाच्या खणात आहेत. ते कोणत्या खात्यावर मांडावेत, हे चौतीस वर्षे हिशेब लिहूनही मला उमगलेले नाही.