मय्यतीचे देणे

जनाजाची नमाज उभी राहण्याआधी मोठा मुलगा पुढे येतो आणि म्हणतो, वालिदांकडे कुणाचे काही येणे असेल तर मला सांगा, मी फेडीन. कोकणात काय नि मराठवाड्यात काय, हे आपण ऐकत आलो आहोत. पैगंबरसाहेब (स.) मय्यतीवर कर्ज आहे का हे आधी विचारीत, असे हदीसमध्ये आले आहे. रीत चांगली आहे. किराणावाल्यापासून ट्रॅक्टरवाल्यापर्यंत सर्वांचे येणे त्या एका वाक्याने शाबूत राहते.

आता त्याच घराच्या आत पाहू. मय्यत उचलण्याआधी एखादी वयस्कर बाई बेवेच्या कानाशी लागते : मेहर माफ केला म्हण, त्यांची वाट सोपी होऊ दे. ती मान हलवते. न हलवून करील काय? समोर कफनातला नवरा, भोवती सगळे सासर. वास्तविक न दिलेला मेहर हे नवऱ्यावरचे कर्जच. वारसांचे वाटे पडण्याआधी ते मालमत्तेतून फेडायचे. शरीयत हेच सांगते, आपली न्यायालयेही हेच मानतात. म्हणजे ओट्यावर परक्याचे कर्ज फेडण्याची हमी आणि माजघरात घरच्या बाईचे कर्ज बुडवण्याची घाई, दोन्ही एकाच घटकेला! रक्कम किरकोळ असते म्हणावे, तर मग देऊन का टाकत नाहीत?

माफी द्यायची तर काय माफ करतो आहोत हे देणाऱ्याला ठाऊक हवे, आणि 'नाही' म्हणण्याची मुभा हवी. या दोन्हींवाचून घेतलेल्या होकाराला आपण माफी म्हणतो, आणि तोच प्रकार चाळिसाव्यानंतर बहिणींच्या बाबतीत घडतो. हक्कसोडपत्र तयार असते, सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुली मारलेली असते. आपला वाटा किती, हे बहिणीला कुणी सांगितलेलेच नसते.

वाटा कठीण नाही. दफनाचा खर्च, मग कर्ज, मग वसियत असल्यास ती एक तृतीयांशापर्यंत. उरेल त्याचे वाटे सूरह निसाने ठरवून दिले आहेत. समजा 40 लाख उरले. मागे बेवा, दोन मुलगे, एक मुलगी. बेवेला आठवा हिस्सा, म्हणजे 5 लाख. मुलग्यांना 14-14, मुलीला 7. मुलीला निम्मे का, यावर आपण तावातावाने भांडतो. ते निम्मेही तिच्या हाती पडत नाही, यावर मात्र आपली बैठक शांत असते.

भावाची बाजू नसते असे नाही. आईवडिलांचे आजारपण त्याने काढलेले असते. पण त्याने केलेला खर्च कर्ज म्हणून उघड मांडता येतो. सेवेची कदर वालिदांना हयातीत हिबा करूनही करता येते. माहेर तुटेल या भीतीने बहिणीने सोडलेला हक्क हा त्या सेवेचा मोबदला कसा होईल?

कागदांची वाट ठरलेली आहे. मृत्यूची नोंद 21 दिवसांत करावी, दाखल्याच्या जादा प्रती घ्याव्यात. बँकेतला नॉमिनी पैसे उचलण्यापुरता असतो, मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राम चंदर तलवार प्रकरणात हे सांगितले आहे. जमिनीची वारसा-खबर तलाठ्याकडे तीन महिन्यांत द्यायची असते. खरी गफलत इथेच होते : वारसांच्या प्रतिज्ञापत्रात बहिणींची नावेच गाळतात. निकाहात साक्षीदार दोन लागतात म्हणून आग्रह धरणारी माणसे या कागदावर डोळे मिटून साक्षीला सही करतात.

आधी सगळ्यांची नावे चढू द्यावीत. बेवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. तिच्या मेहरचा आकडा निकाहनाम्यातून काढून तोवर यादीत लिहून ठेवावा, किराणावाल्याच्या वर. बहिणीच्या हिश्शाचा आकडा तिला लेखी द्यावा. त्यानंतरही तिला भावाला काही द्यावेसे वाटले, तर ती खुशीने देईल, आणि नाही दिले तरी ईदला त्याच दारातून आत येईल.